गाडी गार ठेवणारा मायबाख

मेबॅक म्हटलं की काय आठवतं? एखादं रॅप गाणं, नाहीतर सेलिब्रिटीच्या एअरपोर्ट व्हिडीओमधली लांबलचक काळी गाडी. ही गाडी आता आपल्या पुण्याजवळ चाकणलाही जोडली जाते. पण हे मुळात एका माणसाचं आडनाव आहे, आणि जर्मन लोक त्याचा उच्चार ‘मायबाख’ असा करतात. त्या माणसाचं, मला विचाराल तर, सगळ्यात मोठं काम वेगाचं नाहीच. ते आहे उष्णतेचं. थंडीत कुणाची गाडी अर्धा तास चालवूनही तापत नसेल, तर मेकॅनिक जे तपासतो त्याची सुरुवात या माणसापाशी होते.

विल्हेल्म मायबाखचा जन्म १८४६ चा, जर्मनीत हाइलब्रॉनचा. वडील सुतार. पाच भाऊ. आठ वर्षांचा असताना आई गेली, दहाव्या वर्षी वडील. रॉइटलिंगेन गावात गुस्ताव वेर्नर नावाचे एक समाजसेवक अनाथ मुलांसाठी संस्था चालवायचे. त्यांनी या मुलाला ठेवून घेतलं. संस्थेचा स्वतःचा यंत्रांचा कारखाना होता. पोराचा हात चित्रकलेत चांगला आहे हे लक्षात आल्यावर पंधराव्या वर्षी त्याला कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात बसवलं. ना कॉलेज, ना डिग्री. जे काय शिकला ते ड्रॉइंग बोर्डवर आणि रात्रीच्या वर्गात.

या कारखान्यात मॅनेजर म्हणून आला गॉटलिब डाइमलर. मायबाखपेक्षा बारा वर्षांनी मोठा, शिकलेला, महत्त्वाकांक्षी आणि तापट. दोघांचं जे जमलं ते डाइमलर मरेपर्यंत. डाइमलर कार्ल्सरूहला गेला, मायबाख मागोमाग. डाइमलर कोलोनजवळ डॉइट्झच्या गॅस इंजिन फॅक्टरीत गेला, मायबाख तिथे मुख्य डिझायनर. मालकांशी भांडून डाइमलरने १८८२ मध्ये नोकरी सोडली, तर यानेही सोडली. दोघांनी स्टुटगार्टजवळ कानश्टाटला डाइमलरच्या बंगल्याच्या बागेत, काचेच्या ग्रीनहाउसमध्ये वर्कशॉप थाटलं. दिवसरात्र ठोकाठोक ऐकून माळ्याला वाटलं, मालक खोटी नाणी पाडतायत! त्याने पोलिसांना कळवलं. पोलिसांनी मालक नसताना आत घुसून पाहिलं, तर नुसती हत्यारं आणि इंजिनं.

त्या ग्रीनहाउसमधून १८८५ मध्ये लहान, वेगाने फिरणारं पेट्रोल इंजिन बाहेर पडलं. ते लाकडी दुचाकीवर बसवलं, पुढच्या वर्षी घोडागाडीवर. पण इंजिन छोटं आणि जोरकस झालं की एक नवीन डोकेदुखी सुरू होते. जाळलेल्या पेट्रोलमधली ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता सायलेन्सरमधून जाते, तेवढीच इंजिनच्या धातूत शिरते, आणि उरलेल्यावर गाडी पळते. ती धातूतली उष्णता काढली नाही तर पिस्टन जाम. सुरुवातीला उपाय एकच होता: पाणी उकळू द्यायचं, वाफ जाऊ द्यायची आणि परत पाणी ओतायचं. कार्ल बेंझची बायको बेर्था १८८८ मध्ये मानहाइमहून फोर्झहाइमला शंभरेक किलोमीटर गाडी घेऊन गेली, तेव्हा तिला वाटेत पुन्हा पुन्हा पाणी भरावं लागलं होतं.

मायबाखने १८८९ च्या गाडीत भन्नाट डोकं चालवलं. गाडीची चौकट पोकळ नळ्यांची होती, त्याने इंजिनचं पाणी त्या नळ्यांमधूनच फिरवलं. म्हणजे गाडीचा सांगाडा हाच रेडिएटर. पॅरिसच्या प्रदर्शनात ही गाडी गाजली. पण इंजिनं मोठी होत गेली आणि नळ्या पुरेनाशा झाल्या.

मधली काही वर्षं कटकटीची. कंपनी मोठी झाली, भागीदार आले, आणि त्यांनी पुढे केलेला करार मायबाखला मान्य नव्हता. १८९१ मध्ये तो बाहेर पडला आणि एका बंद पडलेल्या हॉटेलच्या हॉलमध्ये डाइमलरच्या पैशांवर काम करत राहिला. पेट्रोलचा फवारा उडवणारा कार्बोरेटर तिथलाच. शेवटी कंपनीलाच त्याची गरज पडली आणि १८९५ मध्ये तो टेक्निकल डायरेक्टर म्हणून परत आला.

१९०० च्या मार्चमध्ये डाइमलर गेला. त्याच महिन्याच्या शेवटी नीसच्या घाटातल्या शर्यतीत कंपनीच्या उंच, अस्थिर गाडीला अपघात होऊन ड्रायव्हर मेला. नीसला राहणारा श्रीमंत ग्राहक एमिल येलिनेक म्हणाला की गाडी लांब, रुंद आणि बुटकी करा, जोरदार इंजिन टाका, मी छत्तीस गाड्या घेतो. एक अट: नाव माझ्या मुलीचं. मुलगी दहा वर्षांची, मर्सिडीज.

या गाडीसाठी मायबाखने मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर बनवला. सहा मिलिमीटरच्या चौकोनी नळ्या, एकूण ८०७०, शेजारी शेजारी रचून एक चौकट. नळ्यांच्या आतून हवा, बाहेरच्या फटींतून पाणी. मागे पंखा, म्हणजे गाडी हळू असली तरी हवा खेचली जाते. ३५ हॉर्सपॉवरच्या इंजिनला फक्त नऊ लिटर पाणी पुरायला लागलं. १९०१ च्या मार्चमध्ये नीसला या गाडीने बाकीच्यांना धूळ चारली. आज ज्या गाडीच्या तोंडाला जाळी आहे, ती जाळी तिथून आली.

आता यातली मजेशीर अडचण बघा. रेडिएटर इतका चांगला झाला की थंडीत तो इंजिनला तापूच देईना. युरोपातले ड्रायव्हर जाळीवर चामड्याची झडप नाहीतर घोंगडी बांधायचे. इंजिनला गारवा नको असतो, त्याला ठरावीक उष्णता हवी असते. म्हणून पुढे पाण्याच्या वाटेवर थर्मोस्टॅट आला. आत मेणाची गोळी. इंजिन गार असताना वाट बंद, त्यामुळे पाणी रेडिएटरपर्यंत जातच नाही. साधारण ८२ ते ९० अंशाला मेण वितळून फुगतं आणि वाट उघडते.

हाच थर्मोस्टॅट उघडा अडकला तर गाडी थंडीत तापत नाही. आपल्याकडे तर आणखी एक कारण असतं. उन्हाळ्यात गाडी गरम होते म्हणून काही गॅरेजवाले तो काढूनच टाकतात. नागपूरच्या मे महिन्यात चालून जातं, पण तीच गाडी डिसेंबरात मनालीला नेली की हीटरमधून गार वारा येतो. तपासायला सोपं आहे. इंजिन पूर्ण गार असताना आधी कूलंटची पातळी बघा, कारण कूलंट कमी असलं तरी हीटर गार मारतो. गरम असताना रेडिएटरचं झाकण अजिबात उघडू नका. मग गाडी सुरू करून, पंखा आणि बेल्टपासून हात लांब ठेवून, रेडिएटरच्या वरच्या होज पाइपला हात लावा. पहिली काही मिनिटं तो गारच राहायला हवा आणि नंतर एकदम तापायला हवा. पहिल्यापासून हळूहळू कोमट होत गेला, तर थर्मोस्टॅट उघडा आहे किंवा जागेवर नाहीच. हायवेवर तापमानाचा काटा खाली पडत असेल आणि ट्रॅफिकमध्ये वर येत असेल, तरी तोच संशय. डिझेल गाड्या मुळातच उशिरा तापतात, त्यांना थोडा वेळ द्या. पण दुर्लक्ष करू नका. इंजिन गार आहे असं समजून गाडीचा कॉम्प्युटर जास्त इंधन सोडत राहतो. खिशाला चाट बसते आणि न जळलेलं इंधन ऑइलमध्ये उतरून इंजिनची झीज होते.

मायबाखचं पुढे काय झालं? डाइमलर नसताना कंपनीत त्याचं कुणी उरलं नाही. हळूहळू त्याला बाजूला सारलं गेलं आणि १९०७ मध्ये तो बाहेर पडला, एकसष्टाव्या वर्षी. मग मुलगा कार्लला घेऊन १९०९ मध्ये झेपेलिन विमानांच्या म्हणजे अजस्र फुग्यांच्या इंजिनांची कंपनी काढली. कॉलेजचं तोंड न पाहिलेल्या या माणसाला १९१६ मध्ये स्टुटगार्टच्या तंत्रविद्यालयाने मानद डॉक्टरेट दिली. गाडीवर त्याचं स्वतःचं आडनाव लागलं ते १९२१ मध्ये, तेही कार्लने बनवलेल्या गाडीवर. तोवर डाइमलर हे नाव कंपनीला आणि मर्सिडीज हे नाव गाडीला लागून वीस वर्षं होऊन गेली होती. २९ डिसेंबर १९२९ ला विल्हेल्म मायबाख गेला. कानश्टाटच्या ज्या दफनभूमीत डाइमलर आहे, तिथेच त्यालाही पुरलं.