कोळशाच्या खाणीतला मुलगा : किअर हार्डी



15 ऑगस्ट म्हटलं की तुम्हाला झेंडावंदन आठवतं. याच तारखेला, पण 1856 साली, स्कॉटलंडच्या लॅनार्कशायर भागात एक मुलगा जन्मला. त्याचं नाव जेम्स किअर हार्डी. भारताला स्वतःचा कारभार स्वतः करू द्या, असं इंग्रजांच्या देशात राहून सांगणाऱ्या थोड्या लोकांपैकी तो पुढे एक झाला. पण ते नंतर. आधी त्याच्या लहानपणाकडे वळू.

आई मोलकरीण होती, सावत्र वडील जहाजावर सुतारकाम करत. शाळा त्याच्या नशिबी नव्हतीच. अगदी लहान असल्यापासून तो निरोप्याची कामं करायचा. दहाव्या वर्षी ग्लासगो शहरात एका पाववाल्याकडे लागला. वडिलांना काम नव्हतं, आई बाळंतपणाला आलेली, धाकटा भाऊ अंथरुणाला खिळलेला. घरात कमावणारा हा एकटाच. रात्रभर भावाजवळ जागल्यामुळे त्याला दोनदा कामावर उशीर झाला. मालकाने काढून टाकलं, वर आठवड्याचा पगारही कापला. हा अपमान तो जन्मभर विसरला नाही.

मग तो कोळशाच्या खाणीत गेला. दहा वर्षांखालच्या मुलांना खाणीत उतरवू नये असा कायदा 1842 मध्येच झाला होता. आपला हार्डी नुकताच दहाचा झालेला! त्याचं काम काय, तर दार उघडायचं आणि लावायचं. ऐकायला सोपं वाटतं ना? खाणीत विषारी आणि पेट घेणारा वायू साठतो. ताजी हवा ठरलेल्या वाटेनेच खेळावी म्हणून बोगद्यांत लाकडी दारं असत. कोळशाची गाडी आली की दार उघडायचं, गेली की लगेच लावायचं. दार उघडं राहिलं तर आतल्या सगळ्यांच्या जिवाला धोका. मोठ्या माणसांचा श्वास असा दहा वर्षांच्या पोराच्या हातात. हिवाळ्यात उजाडण्याआधी तो खाली उतरे आणि अंधार पडल्यावर वर येई. सूर्य दिसायचा तो फक्त रविवारी.

एकदा मी वर्गात मुलांना फक्त दहा मिनिटं डोळे मिटून गप्प बसायला सांगितलं. चौथ्या मिनिटालाच चुळबुळ सुरू झाली.

त्या काळी गिरण्या, आगगाड्या, जहाजं, घरातली शेगडी, सगळं कोळशावर चाले. तो खणणारा माणूस मात्र कुणाला दिसत नव्हता. हार्डी आईकडून वाचायला शिकला. रात्रशाळेत जाताना मुलांना आपापली मेणबत्ती न्यावी लागे. खाणीतल्या दिव्याच्या काजळीने काळ्या केलेल्या दगडी पाटीवर टाचणीने रेघोट्या ओढून तो लघुलिपीही शिकला. मोठेपणी मजुरांच्या बाजूने बोलू लागल्यावर मालकांनी त्याला आणि त्याच्या भावांना कामावरून काढलं. मग संघटना हेच त्याचं काम झालं.

1892 मध्ये हार्डी लंडनजवळच्या वेस्ट हॅम मतदारसंघातून खासदार झाले. इतर सभासद उंच रेशमी टोप्या घालून येत, हे साध्या कापडी टोपीत गेले. त्या वेळी खासदारांना पगार नव्हता, तो 1911 पासून मिळू लागला. म्हणजे गरिबाने निवडून यावं अशी सोयच नव्हती.

आता 1894 चा जून महिना. 23 तारखेला वेल्समधल्या अल्बियन खाणीत स्फोट झाला आणि 290 माणसं व मुलं मेली. त्याच दिवशी राजघराण्यात बाळ जन्मलं. संसदेत अभिनंदनाचा ठराव आला. हार्डींनी विनंती केली की त्यात मृतांच्या कुटुंबांविषयी दुःखाचे दोन शब्दही घाला. नकार मिळाला. तेव्हा ते एकटे उभे राहिले आणि त्या ठरावाविरुद्ध बोलले. सभागृहात आरडाओरडा झाला, पण ते बसले नाहीत. मला विचाराल तर त्यांच्या आयुष्यातला हाच खरा मोठा दिवस. पुढच्याच वर्षी ते निवडणूक हरले.

1900 मध्ये वेल्समधल्या मर्थर टिडफिल या खाणभागाने त्यांना पुन्हा निवडून दिलं. 1906 मध्ये मजूर पक्षाचे 29 खासदार झाले, हार्डी त्यांचे पहिले नेते. खाणीत आठ तासांपेक्षा जास्त काम नको, ही त्यांची जुनी मागणी. तसा कायदा 1908 मध्ये झाला.

एक गोष्ट लपवून ठेवू नये. तरुणपणी हार्डींनी लिथुआनियातून स्कॉटलंडच्या खाणीत आलेल्या मजुरांविरुद्ध फार कडवट लिहिलं होतं. हे लोक आपला पगार पाडतात, असं त्यांना वाटे. तेच हार्डी 1907-08 मध्ये जगभर फिरले. भारतात दोन महिने राहिले, तेव्हा ते लोकांना चिथावतात अशी ओरड इंग्रजी वर्तमानपत्रांनी केली. पुढे दक्षिण आफ्रिकेत त्यांनी काळ्या मजुरांनाही संघटनेत घ्या असं सांगितलं, तर गोऱ्यांच्या जमावाने त्यांच्या सभा उधळल्या. माणूस बदलतो तो असा. परतल्यावर 1909 मध्ये त्यांनी भारतावर पुस्तक लिहून स्वशासनाची बाजू मांडली. बायकांना मताचा हक्क हवा म्हणूनही ते झगडले.

1914 मध्ये महायुद्ध पेटलं. सगळ्या देशांच्या मजुरांनी मिळून ते थांबवावं, अशी त्यांची आशा होती. पण ऑगस्टमध्ये त्यांच्याच मतदारसंघातल्या सभेत लोकांनी त्यांना बोलू दिलं नाही. ज्यांच्यासाठी आयुष्य घालवलं, तेच खाणकामगार सैन्यात नाव घालत होते. 26 सप्टेंबर 1915 रोजी ग्लासगोत ते वारले. वय अवघं 59. त्यांच्या रिकाम्या जागेसाठी पोटनिवडणूक झाली, तेव्हा मर्थरच्या लोकांनी युद्धाच्या बाजूने बोलणारा एक खाणकामगार पुढारी निवडून दिला.