मसूर ते गोरेगाव : चार पोरांची तहानलेली रात्र



महाडच्या चवदार तळ्याची हकिकत आपल्या घराघरांत पाठ आहे. पण त्या तळ्याआधी सव्वीस वर्षे एक लहान पोरगा रात्रभर पाण्यावाचून तडफडला होता. ती गोष्ट आपल्या मुलाबाळांना माहीत हवी, म्हणून हा प्रपंच.

१९०१ च्या सुमाराचा उन्हाळा. भिवा, म्हणजेच आपले बाबासाहेब, तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. आई भीमाबाई वारलेली. वडील सुभेदार रामजी सकपाळ सातारा जिल्ह्यात खटाव तालुक्यातल्या गोरेगावी (आपल्या लोकलवरचे गोरेगाव नव्हे) खजिनदार होते. दुष्काळाने माणसे मरत होती, त्यांना काम मिळावे म्हणून सरकारने तिथे तलाव खोदायला काढला होता. सुट्टीत वडिलांनी पोरांना बोलावले. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे घालून भिवा, थोरला भाऊ आणि बहिणीची दोन मुले साताऱ्याहून आगगाडीने निघाली. मोठे माणूस बरोबर कोणी नाही.

संध्याकाळी पाचच्या सुमारास मसूर स्टेशनावर उतरली, तर न्यायला कोणीच नाही! स्टेशनमास्तरने कपडे बघून प्रेमाने विचारपूस केली. पण भिवाने जात सांगताच तो दचकून मागे सरला. बैलगाडीवाले उभे होते, पण एकही तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्यावर तोड निघाली : पोरांनी गाडी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे. बैल ज्यांनी कधी हाकले नाहीत, त्या पोरांच्या हाती कासरा आला.

वाटेत भाकरीचे गाठोडे सोडले, पण प्यायला पाणी कुठे? जवळ होते ते गढूळ, शेणामुताचा वास येणारे. चार घास खाऊन गाठोडे पुन्हा बांधले. अंधार पडला. वाटेवर दिवा नाही, माणूस नाही. पोरांच्या अंगावर दागिने होते, मनात नाही नाही ते येऊ लागले. पोरे रडू लागली.

मध्यरात्रीच्या सुमारास टोलनाका लागला. जात कळली तर पाणी मिळणार नाही, म्हणून भिवा नाकेदाराशी उर्दूत बोलला. नाकेदाराने तरीही पाणी दिले नाही. डोंगरावर जाऊन प्या म्हणाला. पोरे तशीच उपाशी-तहानेली आडवी झाली. सगळ्यांनी एकदम झोपायचे नाही, दोघांनी जागायचे, असे पोरांनी आपसांत ठरवले. दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास गोरेगाव आले. वडील तर बघतच राहिले! पोरांचे पत्र नोकराने त्यांना दिलेलेच नव्हते.

आता बघा. रानात वाट चुकलेल्या पोराला निदान ओढा पाणी देतो, त्याची जात विचारत नाही. इथे स्टेशन होते, गाडी होती, सरकारी नाका होता, माणसे होती. तरी चार पोरे उजाड माळावर असावीत तशी एकटी पडली. शाळेत शिपायाने नळ सोडल्याशिवाय भिवाला पाणी मिळत नसे, ते तो जाणून होता. पण पैसे मोजून, चांगले कपडे घालूनही सुटका नाही, हे त्याला या प्रवासात कळले.

ही हकिकत बाबासाहेबांनी पुढे स्वतःच इंग्रजीत लिहून ठेवली. पण नुसते लिहून ते थांबले नाहीत. २० मार्च १९२७ रोजी हजारो लोकांसह चवदार तळ्याचे पाणी ते प्याले. तळ्याचा कोर्टातला झगडा दहा वर्षे चालला आणि १९३७ साली हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूने लागला. पुढे घटनेच्या पंधराव्या कलमात विहिरी, तळी, स्नानाचे घाट सर्वांना खुले, असे स्पष्ट लिहिले गेले. विहिरी-तळ्यांचा उल्लेख देशाच्या घटनेत का, असे कोणी विचारले तर त्याला मसूरची ती रात्र सांगावी.

आपण मीरा-भाईंदरकरांनी नळाला पाणी नसल्याचे, टँकरची वाट पाहिल्याचे दिवस काढले आहेत. हंडा घेऊन रांगेत उभे राहिलो, पण त्या रांगेत सगळेच होते. हा फरक एका पोराच्या तहानेतून आला आहे. मुलांना हे सांगा, आणि दारी आलेल्या कोणालाही पाणी देताना त्याची जात विचारू नका.

जय भीम!