संत ओडिलो : मृतांची आठवण ठेवणारे मठाधिपती



31 ऑक्टोबर जवळ आला की मोबाइलवर भुतांचे मुखवटे आणि कोरलेले भोपळे दिसू लागतात. शहरात शिकणारी आपली मुले विचारतात, हे हॅलोविन म्हणजे काय? या नावाचा मूळ अर्थ आहे सर्व संतांच्या सणाची आदली संध्याकाळ. संतांच्या सणाला जोडूनच, 2 नोव्हेंबरला, आपण सर्व मृत भाविकांचे स्मरण करतो. हा दिवस आपल्याला ज्यांच्यामुळे मिळाला, त्या संत ओडिलो यांची ही ओळख.

ओडिलो यांचा जन्म इ.स. 962 च्या सुमारास फ्रान्समधील ओव्हेर्न प्रांतात एका सरदार घराण्यात झाला. लहानपणी त्यांच्या पायांत बळ नव्हते. पवित्र मरियेच्या वेदीपाशी ते बरे झाले, अशी कथा सांगितली जाते. तारुण्यात त्यांनी क्लूनी येथील मठात प्रवेश केला आणि 994 साली ते मठाधिपती झाले. अंगाने लहानखुरे आणि स्वभावाने दयाळू असलेल्या या माणसाने सुमारे 54 वर्षे ही जबाबदारी सांभाळली. 1031 साली त्यांना लिओंचे महागुरुपद देऊ केले गेले, तेही त्यांनी नाकारले.

तो काळ कठीण होता. सरदारांच्या लढायांत शेते जळत, शेतकरी मरत. बुधवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत कोणी शस्त्र उचलू नये, या 'देवाच्या तहा'साठी ओडिलो झटले. 1033 च्या सुमारास मोठा दुष्काळ पडला, तेव्हा त्यांनी मठातील मौल्यवान वस्तू विकून भुकेलेल्यांना अन्न दिले. सम्राट दुसरा हेन्री याने भेट दिलेला सोन्याचा मुकुटही त्यांनी ठेवला नाही.

मृतांसाठी प्रार्थना ख्रिस्तसभेत आरंभापासून आहे. पण प्रत्येक मठ प्रामुख्याने आपल्या बंधूंची आणि देणगीदारांची नावे घेई. ज्याचे नाव कोणत्याच यादीत नाही, त्याचे काय? साधारण 998 साली (काही अभ्यासकांच्या मते 1030 च्या सुमारास) ओडिलो यांनी आपल्या सर्व मठांना आज्ञा दिली : सर्व संतांच्या सणाच्या संध्याकाळी घंटा वाजवाव्यात, मृतांसाठी प्रार्थना म्हणावी, दुसऱ्या दिवशी जगाच्या आरंभापासून निधन पावलेल्या सर्व भाविकांसाठी मिस्सा अर्पण करावी आणि गरिबांना दान द्यावे. आपल्याकडे ज्यांची तिथी ठाऊक नाही, त्यांनाही सर्वपित्री अमावास्येला आठवतात. ओडिलो यांनी तर ज्यांना नातलगच उरले नाहीत, त्यांनाही सामावून घेतले. 1049 च्या नववर्षदिनी सूव्हिन्यी येथे त्यांना देवाज्ञा झाली. त्यांची प्रथा पुढे हळूहळू साऱ्या ख्रिस्तसभेने स्वीकारली.

इंग्लंडमध्ये या दिवसांत गरीब लोक घरोघर जात, गोड पोळ्या घेत आणि त्या घरच्या मृतांसाठी प्रार्थना करीत. हॅलोविनला मुले खाऊ मागतात, त्यात याच प्रथेचा अंश असल्याचे अनेक अभ्यासक मानतात. आयर्लंडचे लोक सलगम कोरून दिवे करीत; अमेरिकेत गेल्यावर त्यांना भोपळा मिळाला. खाऊ राहिला, दिवा राहिला, प्रार्थना मात्र मागे पडली.

मुलांनी मुखवटा घातला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. खरी काळजी वेगळी आहे. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्याच्या पाड्यांवर, कोणी आजारी पडले किंवा अचानक वारले की एखाद्या बाईला डाकीण ठरवून छळल्याच्या घटना घडल्या आहेत. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने असा छळ गुन्हा ठरवला आहे. पण कायद्याआधी आपला विश्वास काय सांगतो? मृत माणसे देवाच्या हाती आहेत. त्यांची भीती बाळगली की आपण जिवंतांवर संशय घेतो. त्यांच्यासाठी प्रार्थना केली की जिवंतांवरही दया करायला शिकतो. ओडिलो यांनी मृतांसाठी मिस्सा आणि गरिबांसाठी दान एकाच आज्ञेत घातले, ते उगाच नव्हे.

दिवाळीनंतर आपल्यातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात. त्यांच्या माणसांच्या कबरींवर 2 नोव्हेंबरला मेणबत्ती लावायला कोणी नसते. यंदा आपल्या कबरीबरोबर शेजारची एक कबरही साफ करा, तिथेही मेणबत्ती लावा. आणि गावात एखाद्या बाईकडे बोट दाखवले जात असेल, तर तिच्या बाजूने उभे राहा.