जेम्स औट्रम

सर जेम्स औट्रम (२९ जानेवारी, इ.स. १८०३ – ११ मार्च, इ.स. १८६३) हे ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई लष्करातील एक सेनाधिकारी व राजकीय अधिकारी होते. इ.स. १८५७ मधील लखनौच्या लढाईमुळे त्यांचे नाव इंग्लंडमध्ये गाजले. महाराष्ट्रात मात्र ते खानदेशात उभारलेल्या भिल्ल पलटणीचे संस्थापक व प्रशिक्षक म्हणून ओळखले जातात. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील कन्नड आणि जळगाव जिल्ह्यातील चाळीसगाव यांना जोडणारा औट्रम घाट, तसेच त्या परिसरातील गौताळा औट्रमघाट अभयारण्य यांच्या नावांतून त्यांची आठवण आजही टिकून आहे.

बालपण आणि शिक्षण

औट्रम यांचा जन्म इंग्लंडमधील डर्बीशायर परगण्यात बटर्ली येथे झाला. वडील बेंजामिन औट्रम हे नामांकित स्थापत्य अभियंता होते. जेम्स दोन वर्षांचे असतानाच वडिलांचे निधन झाले आणि कुटुंब आर्थिक विवंचनेत सापडले. पुढे आई मार्गारेट मुलांसह स्कॉटलंडमध्ये राहावयास गेली. ॲबर्डीन येथील मारिशल महाविद्यालयात काही काळ शिक्षण घेतल्यावर, वयाच्या सतराव्या वर्षी, इ.स. १८१९ मध्ये जेम्स कंपनीच्या सेवेत मुंबईस दाखल झाले.

खानदेशातील परिस्थिती

इ.स. १८१८ मध्ये पेशवाईचा अस्त झाला व खानदेश कंपनीच्या ताब्यात आला. त्यापूर्वीच्या दोन दशकांत होळकरी धामधूम, पेंढाऱ्यांच्या स्वाऱ्या आणि इ.स. १८०३-०४ चा दुष्काळ यांनी हा मुलूख उजाड झाला होता. गावाची राखण करणे आणि घाटवाटांवर पहारा देणे ही भिल्लांची परंपरागत कामे होती व त्याबद्दल त्यांना ठराविक हक्क मिळत. गावेच ओस पडल्यावर ते हक्कही बुडाले. अनेक नाईक आपापल्या टोळ्यांसह सातपुडा आणि सातमाळा-अजिंठ्याच्या डोंगरांत शिरले व लुटीवर निर्वाह करू लागले.

कंपनी सरकारने प्रथम लष्करी बळाचा वापर केला. परंतु डोंगरांतील हिवतापाने शिपाई आजारी पडत, आणि एक टोळी मोडली की दुसरी उभी राही. अखेर इ.स. १८२५ मध्ये गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी धोरण बदलले. खानदेशाचे तीन भाग करून प्रत्येकावर एक भिल्ल एजंट नेमण्यात आला. भिल्लांना जमिनी व तगाई देऊन शेतीस लावणे, त्यांचे जुने हक्क ठरवून देणे आणि तंटे मिटवणे हे या एजंटांचे काम होते. चाळीसगाव व सातमाळा रांगेलगतचा प्रदेश दक्षिण एजन्सीकडे होता. याच योजनेचा एक भाग म्हणून भिल्लांचीच एक पलटण उभारण्याचे ठरले आणि ते काम बावीस वर्षांच्या लेफ्टनंट औट्रम यांच्याकडे आले.

भिल्ल पलटणीची उभारणी

त्याच वर्षी बागलाणातील मुल्हेरच्या डोंगरावर एकत्र झालेल्या बंडखोरांवर औट्रम यांनी थोड्या शिपायांनिशी अचानक हल्ला चढवून त्यांची पांगापांग केली होती. ज्यांच्याशी लढायचे त्यांच्यातूनच आता शिपाई निवडायचे होते. या हल्ल्यात हाती लागलेल्या काही भिल्लांच्या मध्यस्थीने त्यांनी नाईकांशी बोलणे सुरू केले. सोबत पहारेकरी न घेता ते रानात गेले, भिल्लांच्या वस्त्यांत राहिले, त्यांच्याबरोबर मद्यपानास बसले आणि वाघांच्या शिकारीत पुढे राहिले. तरीही पहिल्या प्रयत्नात केवळ पाच जण चाकरीस तयार झाले. पुढे हळूहळू ही संख्या वाढत गेली.

संशय मात्र सहजासहजी गेला नाही. सर्वांना एका जागी गोळा करून मारून टाकण्याचा हा डाव आहे, अशी कंडी पिकली. गोऱ्यांच्या देशात भिल्लांच्या रक्ताला औषध म्हणून मागणी आहे, असेही सांगितले जाई. या भीतीला कारणही होते, कारण आधीच्या काळात भिल्लांनी क्रूर शिक्षा आणि विश्वासघात पुष्कळ सोसला होता. त्यामुळे कवायतीपूर्वी विश्वास संपादन करणे हेच प्रशिक्षणाचे पहिले काम ठरले.

पलटणीचे मुख्य ठाणे धरणगाव (सध्याचा जळगाव जिल्हा) येथे होते. नियमित वेतन, गणवेश, बंदुकीचा सराव आणि शिस्त यांची सवय तेथे क्रमाक्रमाने लावण्यात आली. रानवाटांचे ज्ञान, माग काढण्याचे कसब आणि काटकपणा हे गुण शिपायांच्या अंगी मुळातच होते. औट्रम यांनी ते मोडून न काढता कामी लावले. मालेगाव येथील छावणीत ही पलटण गेली असता तेथील नियमित पलटणीच्या सर्व जातींच्या शिपायांनी भिल्लांना शेजारी बसवून पानविडे दिले. आपली अवहेलना होत नाही हे पाहून भिल्ल शिपायांचा आत्मविश्वास वाढला, असे औट्रम यांनी नोंदविले आहे.

थोड्याच वर्षांत ही पलटण सरकारी खजिन्याची ने-आण, कैद्यांवरील पहारा, घाटवाटांचे रक्षण आणि दरोडेखोरांचा पाठलाग ही कामे करू लागली. खानदेशातील दरोड्यांचे प्रमाण लक्षणीय घटले. इ.स. १८३० मध्ये औट्रम यांनी डांगच्या जंगलात मोहीम नेऊन तेथील भिल्ल राजांना कंपनीची सत्ता मान्य करण्यास भाग पाडले. या मोहिमेतही भिल्ल पलटणीचा सहभाग होता. इ.स. १८३५ मध्ये महीकांठा एजन्सीत नेमणूक झाल्याने त्यांचे खानदेशातील वास्तव्य संपले.

पुढील कारकीर्द

इ.स. १८३९ मध्ये औट्रम यांनी अफगाण मोहिमेत भाग घेतला. कलात जिंकल्यानंतर ते वेषांतर करून शत्रूच्या प्रदेशातून सोनमियानी बंदरापर्यंत पोहोचले. सिंधमध्ये राजकीय एजंट असताना तेथील अमिरांना मिळालेल्या वागणुकीवरून सेनापती चार्ल्स नेपियर यांच्याशी त्यांचा तीव्र मतभेद झाला. सिंधच्या लुटीतील स्वतःचा वाटा त्यांनी धर्मादाय संस्थांना देऊन टाकला. बडोद्यात रेसिडेंट असताना त्यांनी लाचखोरीची प्रकरणे उघड केली. हा अहवाल मुंबई सरकारला न रुचल्याने त्यांना पद सोडावे लागले, परंतु इ.स. १८५४ मध्ये त्यांची पुन्हा तेथेच नेमणूक झाली.

इ.स. १८५६ मध्ये अवधचे राज्य खालसा झाले तेव्हा ते लखनौ येथे रेसिडेंट होते. इ.स. १८५७ मध्ये इराणवरील मोहिमेचे नेतृत्व करून ते परतले आणि लखनौच्या वेढ्यात अडकलेल्यांच्या सुटकेसाठी निघाले. हॅवलॉक हे अधिकाराने कनिष्ठ असूनही त्यांनी मोहिमेचे नेतृत्व त्यांच्याकडेच राहू दिले व स्वतः स्वयंसेवक म्हणून लढले. इ.स. १८५८ मध्ये त्यांना बॅरोनेट हा किताब मिळाला. प्रकृती ढासळल्याने इ.स. १८६० मध्ये ते मायदेशी परतले. फ्रान्समधील पो येथे त्यांचे निधन झाले. लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत त्यांचे दफन करण्यात आले.

मूल्यमापन

औट्रम यांच्या प्रयोगाचे अनुकरण इतरत्रही झाले. माळवा आणि मेवाड येथे पुढे अशाच भिल्ल पलटणी उभ्या राहिल्या. खानदेशची पलटण कालांतराने जिल्हा पोलीस दलात सामावली गेली. पोलिसांच्या रीतसर प्रशिक्षणशाळा फार उशिरा निघाल्या. इ.स. १९०२-०३ च्या पोलीस आयोगानंतर मुंबई इलाख्याची अशी शाळा इ.स. १९०६ मध्ये पुण्यात सुरू झाली व इ.स. १९०९ मध्ये नाशिकला हलली. आजची महाराष्ट्र पोलीस अकादमी ती हीच. धरणगावचा प्रयोग त्याच्या तब्बल ऐंशी वर्षे आधीचा होता.

या यशाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी लागते. पलटणीने अनेक कुटुंबांना स्थिर उपजीविका दिली, पण भिल्लांच्या हातूनच भिल्लांचा बंदोबस्त करणे हा तिचा मूळ हेतू होता. इ.स. १८५७-५८ मध्ये हा पेच उघड झाला. सेंधव्याच्या घाटात पूर्वी पोलिसी चाकरी केलेले खाज्या नाईक इंग्रजांविरुद्ध उठले. एप्रिल १८५८ मध्ये सातपुड्यातील अंबापाणी येथे भिल्ल बंडखोर व कंपनीचे सैन्य यांची लढाई झाली, तेव्हा भिल्ल पलटण कंपनीच्या बाजूने लढत होती.

माणसाला आधी विश्वास आणि भाकरी द्यावी, मग शिस्त शिकवावी, हे औट्रम यांच्या पद्धतीचे सार होते. ही पद्धत परक्या सत्तेच्या कामी आली, म्हणून तिच्यातील शहाणपण नाहीसे होत नाही. त्या शहाणपणाची किंमत कोणी मोजली, हेही त्याचबरोबर नोंदविणे आवश्यक आहे.