डासांच्या मागे लागलेला कवी : सर रोनाल्ड रॉस

गेल्या पावसाळ्यात मला हिवताप झाला. दुपार कलली की दात वाजू लागत. दोन गोधड्या घेऊनही हुडहुडी थांबत नसे. साकीनाक्याच्या आमच्या चाळीत हा पाहुणा काही नवा नाही. उशाशी बसलेली आजी तिच्या लहानपणच्या कडूजहर कोयनेलच्या आठवणी सांगे. मी बरा झालो तो डॉक्टरांच्या गोळ्यांनी. पण मनात एक प्रश्न राहिला : औषध इतके जुने, मग हा ताप अजून का जात नाही? उत्तर शोधता शोधता रोनाल्ड रॉस यांचे चरित्र हाती लागले.

रॉस यांचा जन्म १३ मे १८५७ रोजी अल्मोडा येथे झाला. वडील लष्करी अधिकारी. मुलाला ओढ कवितेची आणि संगीताची. आपल्या कला शाखेत तो सहज रमला असता! परंतु वडिलांच्या इच्छेखातर त्यांनी लंडनला वैद्यकाचे शिक्षण घेतले आणि १८८१ मध्ये ते इंडियन मेडिकल सर्व्हिसमध्ये दाखल झाले.

त्या काळी हिवतापावर औषध होते, पण तो पसरतो कसा हे कोणालाच ठाऊक नव्हते. दक्षिण अमेरिकेतील सिंकोना झाडाची साल सतराव्या शतकात युरोपात पोचली. १८२० मध्ये पेल्तिए व काव्हांतू या फ्रेंच शास्त्रज्ञांनी तिच्यातून क्विनीन, म्हणजेच आजीचे कोयनेल, वेगळे काढले. पुढे निलगिरीत आणि दार्जिलिंगकडे सिंकोनाची लागवड झाली. क्विनीन रक्तातील जंतू मारते. डासाला मात्र त्याचे काहीच नाही. शिवाय ते जपून द्यावे लागते. त्याने कानांत गुणगुण होते, रक्तातील साखर उतरते, मात्रा जास्त झाली तर दृष्टी आणि हृदय यांनाही धोका पोचतो. म्हणून आज ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच देतात आणि बहुधा नवी औषधे आधी वापरतात.

१८८० मध्ये लाव्हरां यांना रुग्णाच्या रक्तात हिवतापाचे जंतू दिसले होते. ते डासांमार्फत पसरत असावेत, ही कल्पना पॅट्रिक मॅन्सन यांनी १८९४ मध्ये रॉस यांच्या डोक्यात भरवली. रॉस झपाटल्यासारखे कामाला लागले. १८९७ मध्ये सिंकोनाच्या त्याच निलगिरीत त्यांना स्वतःलाही हिवतापाने गाठले! सिकंदराबादला भर उकाड्यात पंखा बंद ठेवून ते सूक्ष्मदर्शकात डोळे घालून बसत. हुसेन खान नावाचा रुग्ण एका डासाला एक आणा घेऊन डास चावून घेई. २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या जठरात ते जंतू सापडले, आणि या डॉक्टराने त्या आनंदात कविता लिहिली! पुढल्या वर्षी कलकत्त्यास पक्ष्यांवर प्रयोग करून त्यांनी जंतूंचा मार्ग डासाच्या लाळेपर्यंत शोधला. १९०२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. श्रेयावरून इटलीच्या ग्रासी यांच्याशी त्यांनी कडवट भांडण केले, हेही नमूद करायला हवे.

पण मला मोठे वाटते ते त्यांचे पुढचे काम. डासांची पैदास रोखा, साचलेले पाणी काढा, हे सांगत ते सिएरा लिओन, मॉरिशसपर्यंत फिरले. १६ सप्टेंबर १९३२ रोजी त्यांचे निधन झाले.

मी अंथरुणातून उठलो त्याच आठवड्यात पालिकेचा कर्मचारी चाळीत आला. आम्ही सारे नाल्याकडे बोट दाखवत होतो. त्याने आमच्याच मोरीतल्या पिंपात बॅटरीचा झोत टाकला. स्वच्छ पाण्यात अळ्या वळवळत होत्या! मुंबईत हिवताप पसरवणारा अॅनॉफिलिस डास अशाच साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. नळाला पाणी तासभर, म्हणून पिंप भरून ठेवायचे. आणि त्यातच आम्ही आमचा ताप पाळत होतो. मान खाली गेली.

आता दर रविवारी ते पिंप रिकामे करून, घासून, वाळवण्याचे काम माझ्याकडे आहे. शेजारच्या दोन घरांनीही ते सुरू केले आहे. कोयनेलने माणूस बरा होईल. पण चाळ बरी करायची तर पिंपच उपडे करावे लागते.