वाटाणे मोजणारा मेंडेल

मध्य युरोपात ऑस्ट्रियाचे विशाल साम्राज्य नांदत होते, त्या काळातील ही हकीकत आहे. त्या साम्राज्याच्या सायलेशिया प्रांतात हाइन्झेन्डॉर्फ नावाचे एक लहानसे खेडे होते. आज तो भाग चेक प्रजासत्ताकात मोडतो. या खेड्यात १८२२ साली एका शेतकऱ्याच्या घरी योहान मेंडेलचा जन्म झाला. त्याचा बाप अँटन मोठा कष्टाळू. परंतु आठवड्यातील तीन दिवस त्याला जमीनदाराच्या शेतावर वेठीने राबावे लागे. उरलेल्या दिवसांत तो आपली शेती पाही व फळझाडांवर कलमे बांधी. बी, रोप आणि कलम यांची ओळख योहानला अशी घरीच झाली.

मुलगा बुद्धीने तल्लख होता. पुढील शिक्षणासाठी त्याला परगावी धाडण्यात आले खरे, पण त्याच्या पोटाला पुरेसे अन्न मिळेल इतके पैसे पाठविणे घरच्यांना जमेना. अशातच १८३८ साली झाडाचा ओंडका अंगावर पडून बाप जायबंदी झाला. योहान शिकवण्या करून कसेबसे दिवस काढू लागला. उपासमारीने तो आजारीही पडला. अशा वेळी त्याची धाकटी बहीण तेरेझिया पुढे आली. आपल्या विवाहासाठी राखून ठेवलेल्या रकमेचा एक भाग तिने भावाच्या शिक्षणासाठी देऊन टाकला. भाऊ हे ऋण विसरला नाही. पुढे तिच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाला त्याने हातभार लावला आणि त्यांतील दोघे डॉक्टर झाले.

१८४३ मध्ये मेंडेलने ब्रनो नगरातील एका ख्रिस्ती मठात प्रवेश केला. तेथे त्याला ग्रेगोर हे नवे नाव मिळाले. पोटापाण्याची विवंचना मिटली. शिवाय मठात उत्तम ग्रंथालय होते आणि बागही होती. मठाधिपती नाप हा विद्येचा भोक्ता होता. त्याने मेंडेलला व्हिएन्नाच्या विद्यापीठात पाठविले. तेथे १८५१ ते १८५३ या काळात मेंडेल वनस्पतिशास्त्राबरोबर पदार्थविज्ञान व गणितही शिकला. शिक्षक होण्याची परीक्षा मात्र त्याला दोनदा देऊनही साधली नाही. तो शाळेत शिकवी, पण अखेरपर्यंत बदली शिक्षक म्हणूनच!

दुसऱ्यांदा अपयश आले, त्याच १८५६ साली त्याने वाटाण्याचे आपले मोठे प्रयोग हाती घेतले. मूल आईबापांसारखे का दिसते, आणि कधी आजोबांसारखे का दिसते, हे कोडे माणसाला फार प्राचीन काळापासून पडलेले होते. मेंडेलने ते वाटाण्याला विचारावयाचे ठरविले. ही निवड मोठी विचारपूर्वक केलेली होती. वाटाणा थोड्या दिवसांत पिकतो, त्याला जागा थोडी लागते, आणि त्याचे फूल मिटलेले असल्याने त्यात बाहेरचे परागकण सहसा शिरत नाहीत. तरीही मेंडेलने घाई केली नाही. वाटाण्याचे चौतीस प्रकार मिळवून त्याने ते आधी दोन वर्षे पेरून पाहिले आणि शुद्ध वाणाचे बावीस प्रकार निवडले.

बागेतील त्याचा तुकडा सुमारे पस्तीस मीटर लांब आणि सात मीटर रुंद होता. तेथे वेलांना काटक्यांचा व ताणलेल्या दोरीचा आधार दिलेला असे. काही वेल सहा-सात फूट चढत, तर काही दीड फुटावरच थांबत. काहींचे दाणे गुळगुळीत व गोल, तर काहींचे सुरकुतलेले. मेंडेल फुलाची कळी पुरती उमलण्यापूर्वीच उघडी, चिमट्याने तिच्यातील पुंकेसर काढून टाकी आणि दुसऱ्या वाणाचे परागकण तिच्या स्त्रीकेसराच्या टोकावर टेकवी. मग त्या फुलाला इवलीशी पिशवी बांधून ठेवी. हे काम एका फुलाचे नव्हे, शेकडो फुलांचे होते.

गोल दाण्यांचे आणि सुरकुतलेल्या दाण्यांचे वाण एकत्र आणले, तेव्हा शेंगांत सारे दाणे गोल निघाले. सुरकुती जणू नाहीशी झाली होती. मेंडेलने तेच दाणे पुढील वर्षी पेरले आणि त्या २५३ झाडांच्या शेंगा सोलून एकेक दाणा मोजला. गोल दाणे ५४७४ भरले आणि सुरकुतलेले १८५०. हरवलेली सुरकुती परत आली होती आणि तीही तीनास एक या प्रमाणात! उंच व बुटकी झाडे, पिवळे व हिरवे दाणे, अशा एकूण सात लक्षणांची त्याने परीक्षा घेतली. प्रत्येक वेळी प्रमाण जवळजवळ तेच आले. सुरकुतलेला दाणा पाहून थांबणारे पूर्वी पुष्कळ झाले असतील. मेंडेल मोजीत बसला, हे त्याचे वेगळेपण.

तो एवढ्यावरही थांबला नाही. गोल दाणे दिसावयास सारखे असले तरी ते आतून सारखे असतात काय? हे पाहण्यासाठी त्याने त्यांपासून ५६५ झाडे वाढविली. १९३ झाडांनी केवळ गोल दाणे दिले. उरलेल्या ३७२ झाडांच्या शेंगांत दोन्ही प्रकारचे दाणे आढळले. यावरून त्याने ताडले, की प्रत्येक लक्षणासाठी रोपाला आईकडून एक व बापाकडून एक असा अंश मिळतो. एक अंश प्रभावी ठरून दिसतो. दुसरा झाकला जातो, पण नष्ट होत नाही. तो पुढच्या पिढीत पुन्हा प्रकट होऊ शकतो.

आठ वर्षांत सुमारे अठ्ठावीस हजार झाडे त्याने तपासली. १८६५ च्या फेब्रुवारी व मार्च महिन्यांत ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे त्याने आपला निबंध वाचला आणि पुढील वर्षी तो छापून निघाला. वनस्पतींना गणिताची भाषा लावणे त्या काळी इतके नवे होते, की निबंधाचे मर्म कोणाच्या ध्यानी आले नाही. म्यूनिकच्या नेगेली या विख्यात वनस्पतिशास्त्रज्ञालाही ते पटले नाही. पुढे मेंडेलने ज्या रानफुलांवर प्रयोग केले, त्यांत बहुधा परागाविनाच बी धरते. ही गोष्ट तेव्हा कोणालाच ठाऊक नव्हती, त्यामुळे ते प्रयोग त्याला फसवे ठरले.

१८६८ साली तो मठाधिपती झाला. कारभाराचा व्याप आणि सरकारशी करावरून चाललेला तंटा यांत त्याची उरलेली वर्षे गेली. १८८४ च्या जानेवारीत त्याचे निधन झाले.

त्यानंतर सोळा वर्षांनी, म्हणजे १९०० साली, हॉलंडमधील द व्ह्रीस, जर्मनीतील कोरेन्स आणि ऑस्ट्रियातील चेर्माक या तिघांनी अशाच प्रयोगांचे निष्कर्ष स्वतंत्रपणे प्रसिद्ध केले. जुने लेख चाळताना त्यांना मेंडेलचा तो विस्मृत निबंध सापडला होता. चेर्माकने तर वाटाण्यावरच प्रयोग केले होते. त्याच्या शेंगांतूनही तीनास एक हेच प्रमाण निघाले होते.