खुक्रीचे कॅप्टन मुल्ला

सोसायटीची सहल दीवला गेली तेव्हा आपण सगळ्यांनी काचेतल्या जहाजापुढे फोटो काढले. परतताना बसमध्ये मुलांनी विचारलं, ते जहाज कोणाचं? आम्हा मोठ्यांची जरा पंचाईतच झाली. म्हणून हे चार शब्द.

महेंद्रनाथ मुल्ला यांचा जन्म १५ मे १९२६ चा, गोरखपूरचा. आडनावावरून गैरसमज होतो, पण घराणं काश्मिरी पंडितांचं आणि वकिलीतलं. यांनी मात्र समुद्र धरला. १९४६ साली नौदलात कॅडेट, १९४८ साली अधिकारी. पुढे लंडनच्या वकिलातीत काम, ‘राणा’ विनाशिकेची कमान, आपल्या मुंबईतल्या ‘आंग्रे’ तळाची जबाबदारी आणि १९७० पासून ‘खुक्री’.

डिसेंबर १९७१. सौराष्ट्राच्या समुद्रात पाकिस्तानी पाणबुडी फिरतेय असं कळलं. तिला शोधायला मुंबईहून ‘खुक्री’ आणि ‘कृपाण’ निघाल्या. सामना तसा विषमच होता. ‘हंगोर’ पाणबुडी नवी, फ्रेंच बनावटीची. तिला दूरचं ऐकू येई. खुक्रीचं सोनार त्यामानाने तोकडं. हे कॅप्टनना ठाऊक नसेल असं थोडंच?

९ डिसेंबरच्या रात्री नऊच्या सुमारास, दीवपासून सुमारे ४० सागरी मैलांवर, टॉर्पेडो लागला. जहाज काही मिनिटांत बुडालं. मुल्लांनी जहाज सोडण्याचा हुकूम दिला, हाताशी होते त्यांना पाण्यात उतरवलं, स्वतःचं लाइफ जॅकेट एका नौसैनिकाला दिलं आणि स्वतः जहाजावरच राहिले. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. ६७ जण वाचले. मुल्लांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं.

वय अवघं ४५, घरी बायको आणि दोन मुली. जहाजाबरोबर जायलाच हवं होतं का, यावर परवा आमची गच्चीत चांगलीच जुंपली. अनुभवी अधिकारी वाचला असता तर नौदलाला उपयोगच झाला असता, असं काहींचं म्हणणं. ते चूक नाही. पण खाली अडकलेली पोरं त्यांचीच होती हो! त्यांना आत ठेवून हा माणूस उडी कशी मारणार?

कुलाब्याच्या नेव्ही नगरात त्यांच्या नावाचं सभागृह आहे. दुसरी ‘खुक्री’ आपल्या माझगाव गोदीत बांधली, १९८९ साली नौदलात आली, २०२१ मध्ये निवृत्त झाली. आता तीही दीवलाच आहे. आपल्या सहलीत तेवढी पाहायची राहून गेली.